जोत्याची उंची

सरकारी फॉर्मवर इतका विश्वास ठेवणारा आणि त्याच फॉर्मला इतका सतावणारा माणूस मी बातमीदारीच्या सगळ्या वर्षांत दुसरा पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात जयपूरच्या जवाहर नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मूळचे सांगलीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेले. जयपूरच्या पुरात पडलेली घरं सरकारी मदतीनं पुन्हा उभी राहिली होती. ती पुढचा पूर सोसतील का, हे तपासणं त्यांचं काम. ते त्यांनी ऑफिसपुरतं कधीच ठेवलं नाही. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी भिंतीवर बोटं वाजवून कान लावत, मग नमस्कार. "हे मला बघायला आले," काकू सांगत, "तेव्हाही पहिला प्रश्न हाच, तुमच्याकडे कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं? आईला वाटलं, मुलगा घरच बघायला आलाय."

हिंदी ते कधी धड शिकले नाहीत, अडेल तिथे मराठी शब्द जोरात बोलून भागवलं. पहिल्याच वस्तीत त्यांनी एका म्हातारीला विचारलं, "माताजी, आपका जोता कितना ऊँचा है?" तिनं पावलं पुढे केली. "जूते कहाँ साहब, नंगे पाँव हूँ." जीपच्या ड्रायव्हरनं हसू दाबत सांगितलं, "साहब, घर के नीचे वाले को यहाँ कुर्सी कहते हैं." काका गंभीरपणे म्हणाले, "यांच्या घराखाली कुर्सी, आमच्याखालीही कुर्सी. तरी उंची यांच्याच घराची मोजायची!"

दुर्गापुऱ्यापुढच्या नाल्याकाठच्या वस्तीत मी बातमीसाठी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या गुलाबबाई या विधवेनं नकाशातला व्हरांडा बांधलाच नव्हता. त्याचा सगळा दगड जोत्यात घालून घर कमरेइतकं उचललं होतं. घर नकाशाप्रमाणे नसेल तर जागेचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, मिळणार नाही, असा नियम होता.

"साहब, बरामदा बनाती तो पानी फिर चूल्हे में आता," ती म्हणाली. "लिख दो, नक्शे जैसा है. कौन देखेगा?"

"मी देखा ना!" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लेका, हिचं घर बरोबर आहे, नकाशा चुकलाय. याला रकाना कुठाय?"

रकाना नव्हता. 'घर नकाशाप्रमाणे आहे काय?' यापुढे त्यांनी लिहिलं : 'नाही. नकाशा घराप्रमाणे करावा.'

फॉर्म तीनदा परत आला. तिन्ही वेळा त्यांनी तेच वाक्य लिहिलं, फक्त दर वेळी सोबत जोडलेली आकृती मोठी होत गेली. वरिष्ठांनी बोलावून समज दिली, तेव्हा काका त्यांनाही आकृती समजावून आले. निकाल लागण्याआधीच त्यांची बदली झाली.

पट्टा पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मिळाला. मी त्यांना तसं कळवलं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. त्यात आनंदाचा एक शब्द नव्हता. 'व्हरांडा नाही, मग बाई संध्याकाळी बसते कुठे? विचारायचं राहून गेलं.'

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. गुलाबबाई उंच जोत्याच्या कडेवर पाय सोडून लसूण सोलत बसली होती. शेजारीण येताच ती थोडी सरकली. दोघींना जागा पुरली. तेवढंच मी पत्रात लिहिलं. काकांची पुन्हा बदली झाली होती. पत्र परत आलं.