आईच्या अर्धशिशीचं इंजेक्शन

मंडळी, आज सकाळी माझी अर्धशिशी उठली. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरण्याआधी मलाच विचारलं, "मागच्या वेळी मळमळलं होतं ना? मग आज डोस कमी करते." तासाभरात ठणका उतरला आणि आईच आठवत राहिली.

साठ सालच्या सुमारास आमच्या गावात बायका डॉक्टरांशी बोलत नसत. आई कपाळाला पदर आवळून आत पडलेली असायची. ओटीवरून बाबा डॉक्टरांना सांगायचे, "सारखी ओकते. दुखणं काय जात नाय." डॉक्टर पुढच्या खेपेला इंजेक्शनाचा डोस वाढवायचे.

ती ओकायची ती इंजेक्शनानंच. आत पडलेल्या आईला ते ठाऊक होतं.

तुमच्या घरी आईला कुणी विचारायचं का हो? मला आज फार वाटतंय, तिच्या उशाशी बसावं आणि एकदाच विचारावं, "आई, तुला काय होतंय?"