कांद्याच्या फुलांत दोन तास

बुलढाण्याच्या लॉजवरून सकाळी आठला निघताना सुधीरने गाडीत कॅमेरा, तिपाई, दोन टोप्या आणि डास मारायचा स्प्रे भरला. सुधीर माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला निसर्गाची अतोनात ओढ लागली आहे. फक्त निसर्गाने त्याच्या सोयीने वागावं, एवढीच माफक अपेक्षा. गाडी मी चालवते. तो शेजारी बसून मला रस्ता दाखवतो, जो मला समोर दिसतच असतो.

फेब्रुवारी संपत आला होता. ठाण्याहून इतक्या लांब फुलं बघायला आलोय, हे ऐकून चिखलीच्या पोहेवाल्याने विचारलं, "कोनते फुलं? झेंडूचे?"

"पिकांची," सुधीर म्हणाला. पोहेवाल्याने आमच्याकडे कणवेने पाहिलं आणि पोह्यांवर तर्री (झणझणीत रस्सा) जरा जास्तच ओतली.

चिखली मागे पडली आणि डोळे निवले. दोन्ही बाजूंना करडई फुललेली, पिवळी आणि मधूनच केशरी. सुधीर लगेच एका वावरात (शेतात) शिरला. करडईला काटे असतात, हे त्याला फोटोनंतर, पँट सोडवताना कळलं.

अमडापूरच्या अलीकडे रस्त्यालगत एक वावर पांढरंशुभ्र दिसलं. बियाण्यासाठी लावलेला कांदा होता. उंच दांड्यांवर चेंडूएवढे गोंडे आणि त्यांवर मधमाश्यांची नुसती गजबज. सुधीरने मला मधे उभं राहायला सांगितलं.

"माश्या आहेत," मी म्हटलं.

"उपाय आहे," तो म्हणाला आणि स्प्रे आणून दोन ओळींवर सढळ हाताने फवारला. माश्या उडाल्या. काही उडाल्या नाहीत, खाली पडल्या. आणि मी, खोटं कशाला सांगू, ओढणी नीट करून फोटोला उभी राहिले.

बांधावरून एक बाई धावत आल्या. चाळिशीच्या असतील, डोक्याला रुमाल बांधलेला. वावर त्यांचंच होतं, नाव वंदनाताई.

"काय करून राह्यले हो भाऊ? काऊन मारलं ते?"

"चावतील म्हणून..."

"माशी बसली तं कांद्याले बी धरते! मी फूल लागल्यापासून एक थेंब फवारला नाही. अन् तुम्ही फोटोसाठी?"

त्या वाकल्या आणि मातीत फडफडणारी एक माशी त्यांनी तळहातावर घेतली. ती थोड्या वेळाने हलायची थांबली. सुधीरजवळ प्रत्येक विषयावर मत असतं. त्या वेळी त्याने स्प्रे पाठीमागे लपवला.

ओले झालेले गोंडे त्यांनी मोडून बाजूला टाकले, दुसऱ्या माश्या येऊन मरू नयेत म्हणून. मग म्हणाल्या, "आता बाजूच्या ओळींत माशीचं काम तुम्ही करा."

काम असं: गोंड्यावरून तळहात हलकेच फिरवायचा, मग तोच पुढच्यावर. फुलाचा पिवळा भुगा (पराग) एकाचा दुसऱ्याला लागला पाहिजे. मला एक ओळ मिळाली, सुधीरला एक.

"भाऊ, हळू! कुत्र्याले थोपटून राह्यले का?"

दोन तास आम्ही माश्या होतो. पाठ मोडली, हातांना कांद्याचा उग्र वास लागला. सुधीर एकदाही कॅमेऱ्याकडे गेला नाही. ऊन चढल्यावर वंदनाताईंनी आम्हाला थांबवलं आणि बाभळीखाली फडकं सोडलं. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. आम्ही नको नको म्हणत होतो.

"खा मुकाट्यानं. राग आला मले, पण उपाशी कोनाले पाठवत नसतो आम्ही."

ठेच्याने सुधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानेच आलं, असं तो अजूनही म्हणतो.

निघताना मी त्यांचा फोन नंबर मागितला. ठाण्यात पोचल्यावर लोकांनी फोटो मागितले. आम्ही करडईचे दाखवले. एप्रिलमध्ये धीर करून मी फोन लावला.

"माश्या आल्या का परत?"

"हाव, तिसऱ्या दिवशी आल्या. तुमच्या ओळीले बी बरं धरलं ताई. भाऊची ओळ बरीच पोचट निंगाली."

सुधीर शेजारीच ऐकत होता. त्याने फोन घेतला, घसा खाकरला. "वंदनाताई, पुढच्या फेब्रुवारीत मी येऊ का? कामाला."



"या," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं या."