कूलरसमोरचा ढोल

बाप्पा, तो कूलर मीच लावला होता. दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायची सोयच नाही.

मी सॅक्सोफोन वाजवतो, पाच जणांचा बँड चालवतो. वर्ध्यात जॅझ म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे वरातीत वाजवता का?" वाजवतो ना, पोट आहे! पण एकदा मोबाइलवर कॅरिबियन बेटांवरचा बँड पाहिला. ट्रंपेटच्या मागे त्यांच्या आज्या-पणज्यांचे ढोल. मी कपाळावर हात मारला. अरे, ढोल तर आपल्याच घरात खुंटीला लटकलाय! माझा बा गोंडी ढोल वाजवायचा, आणि लाजेपोटी मी हे बँडमधल्या कोणाला सांगितलंही नव्हतं.

मग सिंदी मेघेच्या आमच्या अंगणात महिनाभर दोघांनी तालीम केली. बा आधी काड्यांचा जाळ करून ढोलाचं कातडं शेकायचा, मग थाप द्यायचा. घरातली भांडी वाजायची. त्या तालावर माझे सूर कुठल्या कुठे जायचे! तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

पहिला कार्यक्रम मे महिन्यात, सावंगीच्या एका लॉनवर, रिसेप्शनला. उकाडा मरणाचा. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून मी मोठा कूलर नेमका त्याच्यासमोर लावून घेतला. दोन गाणी होईस्तोवर ओल्या वाऱ्यानं कातडं ढिलं पडलं. थाप मारली की नुसतं भद्द वाजायचं.

"जरासा जाळ करू दे," बा म्हणाला. "ढोलाले शेक पायजे, लेका."

"बा, इथं जाळ करतेत का? लोक काय म्हणतीन?"

तिसरं गाणं सुरू होताना मी साउंडवाल्याला खूण केली, ढोलाचा माइक बंद कर. बानं ते पाहिलं. तरी शेवटपर्यंत वाजवत राहिला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "माइक काऊन बंद केलता रे?"

"वायर खराब होती, बा."

"असन," म्हणाला, आणि ढोल खुंटीला अडकवला. नंतर मी खूप विनवण्या केल्या, खरं तेवढं सांगितलं नाही. त्यानं ढोल पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी बा गेला.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. साउंडवाल्यानं ते तिसऱ्या गाण्यापासून सुरू केलं होतं. बाच्या वाजवण्याचं दुसरं काहीच नाही. आठवण आली की लावतो, कान देऊन बसतो. शेवटपर्यंत माझाच सॅक्सोफोन ऐकू येतो.