आबांच्या दाढेचं कास्टिंग

त्या दिवशी दवाखान्यात मी तोंड सोडलं नसतं तर आबांची दाढ आज आहे त्यापेक्षा थोडी जास्त शिल्लक असती. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं सारवासारव करायला जागा राहत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. लाकडी पॅटर्नभोवती वाळू दाबून साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, निवला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं. आयुष्यभर हेच. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. मी कॉलेज संपवून एका आरोग्य संघटनेचं पूर्णवेळ काम करत होते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, छापून आणायची, कारखान्यांच्या गेटवर वाटायची आणि कुणी न वाचता बोळा करून टाकला तर त्याच्याशी भांडायचं. मला वाक्यं सुचायची तीच मुळी मोठ्या टायपात, उद्गारचिन्हासकट. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी निषेध नोंदवायची, असं आई म्हणायची.

रंकाळ्यावर फुटाणे खाताना आबांच्या डाव्या खालच्या दाढेनं दगा दिला. कट् असा आवाज मलाही ऐकू आला. दाढेत जुनं चांदीचं मोठं फिलिंग होतं. ते आणि त्याला धरून असलेला दाढेचा निम्मा तुकडा आबांच्या तळहातावर आला. आबांनी तो बघितला, खिशात टाकला आणि उरलेले फुटाणे माझ्या हातात दिले.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं दुसऱ्या बाजूनं चावलं असतं. आबांना दुसरी बाजू नव्हती. उजवीकडच्या खालच्या दोन्ही मोठ्या दाढा काढलेल्या होत्या. कुणी काढल्या? आमच्या संघटनेच्या शिबिरात. त्या शिबिराचं पत्रक मीच लिहिलं होतं. ‘दाढ दुखते? सोसू नका! मोफत काढून घ्या!’ आबा पहिल्या दहांत रांगेत उभे होते. “पोरीचं शिबिर हाय, आपुनच न्हाई गेलो तर कोण जाणार?” त्या दाढा वाचण्यासारख्या होत्या का, हे कुणी बघितलं नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही शिबिर यशस्वी झालं म्हणून चहा प्यालो.

आता डावीकडची ही एक दाढ गेली तर आबांना भाकरी चावायला तोंडात काही उरणार नव्हतं. कारखान्यात जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची. पुढच्या दातांनी कुरतडत बसलं तर भोंगा होतो, आणि निम्म्या पोटी माणूस भट्टीपुढं उभा राहतो.

फाउंड्रीतल्या एका सुपरवायझरनं राजारामपुरीतला दवाखाना सांगितला. जिना चढून वर दोन खोल्या, आणि एकटी डॉक्टरबाई. चाळिशीची, कमी बोलणारी. मी सोबत गेले ती आबांना धीर द्यायला नाही, पहारा द्यायला. खाजगी दवाखाना म्हणजे लूट, हे मी इतक्या वेळा लिहिलं होतं की जिना चढतानाच मला राग आलेला होता.

बाईंनी आरशानं, सुईसारख्या हत्यारानं दाढ तपासली. म्हणाल्या, “काका, नुसतं फिलिंग भरलं तर टिकणार नाही. उरलेल्या भिंती पातळ आहेत, चावताना फाकतील. कॅप घालायची तर दाढ चारी बाजूंनी घासावी लागते, म्हणजे चांगली बाजूही जाते. मी ऑनले करीन.”

“हे काय नवीन?” मी.

“जेवढं मोडलंय तेवढंच धातूनं झाकायचं. चावायचा वरचा भाग आणि ही मोडलेली दोन टोकं. बाकीची दाढ त्यांची त्यांच्याकडंच राहते.”

“किती खेपा?”

“तीन. आज घासून माप घेते. पुढच्या वेळी लावून बघायचं. नीट बसलं तर मग सिमेंटनं पक्कं.”

“एका खेपेत का नाही?”

बाई उत्तर देणार तोवर आबा खुर्चीत उठून बसले. “करता कसं ते?”

बाईंनी सांगितलं. मापावरून दाढेची प्रतिकृती करायची, तिच्यावर मेणाचा तुकडा घडवायचा, तो पांढऱ्या मसाल्यात पुरायचा, भट्टीत घातला की मेण जळून जातं, आणि त्या पोकळीत धातूचा रस.

“म्हंजे ओतकामच की!” आबांचा चेहरा असा फुलला की मला चीड आली. “न् रस निवताना आकसतोय, त्याचं काय करता? आमच्यात पॅटर्नच थोडा मोठा धरत्यात.”

बाईंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. “आमच्यात तो मसाला तेवढा फुगतो. हे मला अजून एकाही पेशंटनं विचारलं नव्हतं.”

“पेशंट न्हाई, मोल्डर हाय मी.”

दोघं हसले. मी नाही हसले. गोड बोलून गिऱ्हाईक कसं बांधतात ते बघा, असं मनात म्हटलं आणि पुढच्या पत्रकासाठी वाक्य लक्षात ठेवलं. बाईंनी दाढ घासली, माप घेतलं, वर तात्पुरतं पांढरं भरून दिलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी खेप. आबांच्या तोंडात कापसाच्या गुंडाळ्या, बाजूला ट्रेमध्ये चिंचोक्याएवढा चकचकीत तुकडा. बाईंनी तो दाढेवर ठेवला, दाबला, काढला, पुन्हा ठेवला. सुईसारखं हत्यार कडेनं फिरवलं. एका जागी थांबल्या. पुन्हा फिरवलं.

“इथं कडेला फट राहतेय,” त्या म्हणाल्या. “मी हे बसवणार नाही. पुन्हा माप घेऊ.”

झालं! मी स्टुलावरून उठले. बाहेर बाकावर माणसं बसलेली होती, दार उघडं होतं आणि माझा आवाज गेटसभेचा.

“मला वाटलंच होतं! आधी लहान काम सांगायचं, मग जमत नाही म्हणायचं, आणि शेवटी माणसाला कॅपवर नेऊन बसवायचं. कामगाराचा दिवस बुडतो त्याचं काय? तुमची चूक त्यानं का भोगायची?”

“चूक झाली म्हणूनच पुन्हा करते आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यानं मी जास्तच पेटले.

आबांनी हात वर केला. तोंड भरलेलं, त्यामुळं घशातून नुसता काहीतरी आवाज आला. मी तो हात बघितला आणि खाली दाबला. होय, दाबला. “आबा, उठा. चला.”

“तात्पुरतं भरून तरी घेऊ द्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी भरलं. मी दारात पाय आपटत उभी. “हे फार दिवस टिकायचं नाही. आतल्या बाजूची भिंत पातळ आहे. लवकर या, माझ्याकडं नसेल तर दुसऱ्या कुणाकडं तरी जा.”

सिटी बसमध्ये आबा एवढंच म्हणाले, “लई घाई केलीस.” मी त्यांना स्टँड येईपर्यंत वैद्यकीय व्यवसायातल्या शोषणावर भाषण दिलं. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मान वळवून म्हणाला, “पावणं, पोरगी वकील हाय व्हय?” आबा म्हणाले, “न्हाई. नुसतं वराडती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्रक लिहून काढलं. नाव घातलं नाही, पण जिना, राजारामपुरी, तीन खेपा असं सगळं घातलं, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळावं. कागद छापखान्यात दिला; तिथं लग्नपत्रिकांची रांग होती, दोन आठवडे लागतील म्हणाले. मग दुसऱ्या स्वस्त डॉक्टरच्या शोधात निघाले, म्हणजे निघणार होते. तेवढ्यात एका मोर्चाची तयारी आली. मग दुसरी बैठक. माझं सारखं कुठंतरी काहीतरी पेटलेलं असायचं आणि त्या धुरात घरातलं दिसायचं नाही.

दोन आठवडे गेले. एका रविवारी आईनं माझ्यापुढं आबांचा डबा आपटला. “ह्यात बघ. रोज निम्मा परत येतोय. आधी मला वाटलं माझ्या हाताची चव गेली.”

आबा पाटावर बसून भाकरी आमटीत कुस्करत होते. लहान बाळाला भरवतात तशी.

“आबा, दाढेतलं पडलं?”

“व्हय. कवाचं.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यांनी भिंतीवरच्या शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत दाढेचा एक नवीन कपचा, तांदळाएवढा. “परवा भाकरीत लागला. आधी वाटलं खडा हाय.”

मी तो कपचा बघत राहिले. बाईंनी सांगितलेली आतली भिंत. माझ्या तोंडून तरीही निघालं ते हेच: “त्या बाईनं वेळेवर नीट केलं असतं तर ही पाळी...”

“गप.” आबा माझ्यावर सहसा आवाज चढवत नसत. चढवला. “आमच्यात कास्टिंग निघालं की मापाचं गेज लावत्यात. बसलं न्हाई तर खडूनं फुली मारायची न् बाजूला टाकायचं. दिवसाचं काम वाया जातंय, मालक शिव्या देतोय, तरी फुली मारायची. न् काही बहाद्दर असत्यात, फट दिसली की हातोडीनं ठोकून बसवत्यात. तो माल गाडीत चढतोय. पुढं कुणाच्या मशिनीत फुटला तर कोण बघतंय? त्या बाईला ठोकून बसवायला काय झालं असतं? तुला कळलं असतं व्हय? मला तरी कळलं असतं व्हय? सिमेंटाखाली फट झाकली असती, वर्षानं आतनं किडली असती. तिनं आपल्याच कामावर फुली मारली. न् तू तिला चार माणसांत लबाड ठरवलीस.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तोंडात कापूस हुता की गं! न् कापूस काढल्यावर तू बोलू दिलंस व्हय?”

आई हसली. मला हसू आलं नाही. मी सोमवारी उजाडताच छापखाना गाठला. निम्मी पत्रकं छापून झाली होती, शाई अजून ओली. “थांबवा,” म्हटलं. छापखान्याच्या मालकांनी चष्मा कपाळावर नेला. “काय ताई, क्रांती रद्द?” मी छापलेला गठ्ठा उचलला, त्यातलं एक पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि बाकीचा त्यांच्याच रद्दीत टाकला. एक का ठेवलं, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा तोच जिना. बाईंनी मला बघितलं. आबांना बसवलं, दिवा ओढला.

“हे आतलं टोक मागच्या वेळी होतं.”

“माझ्यामुळं गेलं,” मी म्हणाले. वाटलं, त्या ‘असू दे’ म्हणतील.

“हो,” बाई म्हणाल्या. “चीर हिरडीच्या खाली गेली असेल तर दाढ काढावी लागेल. बघते.”

त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, हिरडी हलकेच बाजूला सारली, कपचा निघालेली कड चाचपत खाली गेल्या. मी आबांच्या पायांकडं बघत होते. ठिणग्यांनी भोकं पडलेल्या चपला, आणि अंगठा वरखाली हलत होता. एवढा एक अंगठा सोडला तर माणूस दगडासारखा. मला बोलावंसं वाटत होतं, कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं, आणि त्या खोलीत ओरडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“चीर वरच थांबलीय,” बाई म्हणाल्या. “वाचेल. पण आता तीन टोकं झाकावी लागतील. धातू वाढणार, दाढ कमी.”

पुन्हा माप, पुन्हा एक आठवडा. त्या आठवड्यात आबांनी पातळ भाताचा डबा नेला. मी रोज विचारायची, भरलेलं टिकलंय का, आणि ते रोज तोंड उघडून दाखवायचे, जत्रेतल्या बैलासारखं.

नवा तुकडा आला तेव्हा बाईंनी तो लावून, कडेनं हत्यार फिरवून बघितला. निळा कागद दातांत धरून चावा म्हणाल्या. आबा म्हणाले, “उजव्या कोपऱ्याला उंच लागतोय.” घासला. पुन्हा कागद. मग आबांनी हात पुढं केला. बाईंनी न विचारता तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. आबांनी तो दिव्याखाली उलटसुलट केला, नखानं कडा बघितल्या.

“कुठं भोक न्हाई. पास.”

सिमेंट लागलं. बाईंनी कापूस चावायला देऊन आबांना गप्प केलं आणि घड्याळ बघितलं. मी ते पत्रक काढून त्यांच्यापुढं धरलं. “हे वाटणार होते. वाटलं नाही.”

त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. “लिहिता चांगलं,” म्हणाल्या. “पण तीन खेपा हे खोटं आहे. आज चौथी.” मग कागद परत देताना, “तुमच्या त्या शिबिरात दाढ काढायच्या आधी कुणी तपासतं का, कुठली वाचेल ते?”

“नाही.”

“काकांची उजवी बाजू तिथली?”

मी मान डोलावली. आबा खुर्चीतून बघत होते, जबडा आवळलेला, बोलायची सोय नाही. बाईंनी पुढं काही विचारलं नाही. मला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जिना उतरून खाली आलो. आबा गालाच्या आत जीभ फिरवत होते.

“कसं वाटतंय?”

“गार लागतंय जरा.”

“परत वर जाऊया? सांगूया त्यांना?”

“थांब की. नवीन काम हाय, बसूदे.”

मी थांबले. म्हणजे फूटपाथवर चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. रिक्षावाला विचारून गेला, मी नको म्हटलं. मग पुन्हा आबांना विचारलं, आता? ते नाही म्हणाले. अजून एकदा विचारलं.

“पोरी,” आबा म्हणाले, “निवू दे. फोडायची घाई करू नगंस.”

मी तोंड मिटून त्यांच्या शेजारी उभी राहिले. बस यायला अजून वेळ होता.