बोटीच्या घशात हात

भिवंडीजवळच्या अंजूरच्या आमच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं, त्या वर्षी भाड्याच्या पैशातून काकाने मोठी गाडी घेतली. माझ्या बाबाला त्या गाडीचा इतका राग आला, की त्याने बोट घेतली.

आमच्याकडे बापाला अरे-तुरेच चालतं, तेव्हा कुणी भुवया उंचावू नयेत. काकाची गाडी दापोड्याच्या ट्रकांमागे तासतासभर उभी असायची आणि बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "खाडीत ट्राफिक हाय का? न्हाय!" कोकणातल्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना गरागरा फिरवून ओकायला लावणारा एक माणूस धंदा बंद करत होता. त्याच्याकडून बाबाने जुनी जेट बोट उचलली. लाल-पिवळी, बाजूला दात विचकणारा शार्क रंगवलेला. बाबाचं सगळं तरुणपण खाडीत मासे धरण्यात गेलं, पण असला मासा त्यानेही पाहिला नव्हता.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढते, आतला पंखा ते पाणी मागच्या तोंडातून पिचकारीसारखं फेकतो आणि बोट पुढे पळते. विकणारा म्हणाला होता, "काका, बाहेर पंखाच नाही तर अडकणार काय?" त्याने आमची खाडी पाहिली नव्हती.

एका रविवारी दिघाशीचा मामा आला. मामा म्हणजे आईचा भाऊ, पक्का शेतकरी. पाणी हे विहिरीत असावं किंवा वांग्याच्या बुडाशी, अशी त्याची समजूत. बाबाने त्याला चहाही पुरता पिऊ दिला नाही. "चला पावणं, चक्कर मारून येऊ." माझं शिवणाचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणून मीही निघाले. आई मात्र हलली नाही. म्हणाली, "घरातलं कुणीतरी जिवंत राहायला पाहिजे. मला कुकर लावायचाय."

ओहोटी नुकतीच लागली होती. बाबाने काठ सुटताच बोट अशी सोडली की मामाने डोळे मिटून मारुतीला हाक मारली. दहा मिनिटं आम्ही राजासारखे गेलो. मग इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि बोट मात्र म्हशीसारखी रेंगाळू लागली. बाबाने आणखी जोर दिला. इंजिन किंचाळलं, पण बोट जागची हलेना.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. शिलाई मशीनच्या शटलमध्ये दोरा गुंतला की अगदी असंच होतं. मोटर बोंबलते आणि सुई जागची हलत नाही.

"बाबा, बंद कर. हिच्या घशात काहीतरी अडकलंय."

"कायतरी बोलू नको गो. गरम होईल, मग पळेल."

गरम झालीच. मागून जळका वास आला, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. ओहोटीचं पाणी आम्हाला हळूहळू तिवरांकडे नेऊ लागलं. बाबाने नांगर टाकला, तो चिखलात रुतला आणि बोट थांबली. पण तासाभरात खालचं पाणी निघून गेलं असतं आणि पुढची भरती येईपर्यंत आम्ही चिखलावर बसून राहिलो असतो, शार्कसकट.

"काकाला फोन लाव," मी म्हणाले. काकाच्या ओळखीचे दोन होडीवाले जवळच राहतात.

"त्याला?" बाबा उसळला. "मी चिखलात मरेन, पण त्याला फोन करणार न्हाय."

"मला मरायचं न्हाय, भावोजी," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "संध्याकाळी वांग्यांना पाणी द्यायचंय."

बोटीच्या मागच्या टोकाला एक झाकण होतं. ते उघडलं की थेट पंख्यापर्यंत हात जातो. बाबाने ते उघडलं आणि हात घातला. हात मनगटाशीच अडकला. त्याचं सोन्याचं कडं कडेला लागत होतं, आणि ते कडं तो जाडा झाल्यापासून निघत नव्हतं. नेमकं काय झालंय ते आपणही बघावं म्हणून मामा सरकत सरकत मागे आला. तो जवळ येऊन टेकताच बोटीची शेपूट खाली गेली आणि झाकणातून पाणी भसकन आत आलं.

"मामा, पुढे जा!"

मामा चार पायांवर पुढे गेला आणि बोटीच्या टोकाला मिठी मारून, पुन्हा डोळे मिटून पडून राहिला. त्या दिवशी त्याने केलेली ही सर्वात मोठी मदत, असं मला तेव्हा वाटलं.

"बाबा, सरक. माझा हात बारीक आहे. आधी किल्ली दे."

"अगो, इंजिन बंद हाय ना."

"तू विसरून चालू करशील आणि मी उरलेलं आयुष्य एका हाताने काजं करीन. दे."

त्याने कुरकुरत दिली. मी ती ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आत कोमट, बुळबुळीत, मोरीच्या पाइपासारखं. आधी दुधाच्या पिशव्या निघाल्या, मग झेंडूचा अर्धा हार, मग थर्माकोल. त्याच्यामागे खरं दुखणं हाताला लागलं. भिवंडीच्या यंत्रमागांवरचं सूत, आणि त्यात पिळून बसलेली खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी. पंख्याच्या दांड्याभोवती बॉबिनसारखी घट्ट गुंडाळली गेलेली.

"ओढ!" बाबा म्हणाला.

"ओढलं की आणखी आवळतं. आडवं कापावं लागतं. चाकू आहे?"

बोटीत बर्फाचे दोन कूलर होते, स्पीकर होता, पण चाकू नव्हता.

"विळा चालंल का, बाय?" पुढून मामाचा आवाज आला. त्याने सकाळीच भिवंडीच्या लोहाराकडून विळ्याला धार लावून घेतली होती आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला होता. आमच्या घरी ठेवला तर कुणी उचलेल, म्हणून तो पिशवीसकट बोटीत आला होता. आमच्या घराबद्दलचं हे मत मी पोटात घातलं आणि विळा घेतला.

दिसत काहीच नव्हतं. बोटांनी चाचपायचं, धार टेकवायची, थोडं कापायचं, सोलून काढायचं. एकदा धार माझ्याच बोटाला लागली आणि मी अशी एक शिवी हासडली की मामाने डोळे उघडले.

"ही कुठं शिकलीस गो?" बाबाने विचारलं.

"तुझ्याकडे."

त्याने माझे पाय धरून ठेवले, मी आत घसरू नये म्हणून. शेवटचा पीळ सुटला तेव्हा माझ्या शेजारी ओल्या कचऱ्याचा ढीग झाला होता.

मामाने लांबूनच मान उंचावून पाहिलं. "भावोजी, असल्या पट्ट्या तुमच्या गोदामात बघितल्या मी."

"देशात एकच गोदाम हाय का?" बाबा गुरगुरला. त्याने तो ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीने खाडीवर धरला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो वळला आणि सगळा ढीग मामाने काढून ठेवलेल्या नव्या चपलांवर ठेवला.

झाकण लावलं, ओढणीची गाठ सोडून किल्ली बाबाला दिली. इंजिन खोकलं, मागून पाण्याचा झोत गेला आणि बोट हलली. चिखल उघडा पडायला वीतभर पाणी उरलं होतं. परतीच्या वाटेवर कचऱ्याची तरंगती रेघ दिसली की बाबा दुरूनच वेग कमी करायचा आणि लांबचा वळसा घ्यायचा, आजारी माणसाला नेत असल्यासारखा.

घरी आईने माझ्या बोटाला हळद लावली आणि मामाला उशिराचं जेवण वाढलं. मामाने भाताचे तीन ढीग संपवले आणि पुढच्या वेळी एसटीनेच फिरू म्हणाला. काकाला दुसऱ्या दिवशी सगळं कळलं, मामानेच फोन केला होता.

दोन दिवसांनी बाबा माझ्या दुकानात आला. दुकान उघडून बरीच वर्षं झाली होती, पण आत येऊन बसायची त्याची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकून म्हणाला, "तो दोरा कसा अडकतो, दाखव बघू." मी शटल उघडून दाखवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं, स्वतः दोरा गुंतवून पाहिला, स्वतः सोडवला. तेवढ्यात दोन बायका तयार ब्लाउज न्यायला आणि नव्यांची मापं द्यायला आल्या. बाबाने त्यांना खाडीची गोष्ट सांगायला घेतली आणि तिच्यात मामा जवळजवळ बुडला. मी त्यांची मापं घ्यायला विसरले, त्या आपले ब्लाउज विसरल्या, आणि दुपारपर्यंत दुकानात एक टाकाही पडला नाही.