नावामागची अक्षरं

"नावामागे काय लावतेस?" नव्या नर्सला मावशी पहिलं हे विचारायच्या आणि तिच्या बिल्ल्यावर अंगठा ठेवून नावामागची रिकामी जागा मोजायच्या. "आर.एन., नुसती रजिस्टर्ड नर्स, एवढंच? अजून बरीच जागा आहे की."

शिकागोजवळच्या त्या हॉस्पिटलात मावशी आणि मी, आम्ही दोघीच मराठी. त्या नागपूरच्या, आयसीयूच्या हेड नर्स. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, इथली लायसन्सची परीक्षा नुकतीच पास झालेली. त्यांच्या नावामागे पदव्या-सर्टिफिकेटांच्या अक्षरांची आगगाडी होती. अमेरिकन लोकांना त्यांचं आडनाव काही केल्या जमायचं नाही. "आडनावाची चटणी करा," त्या हसून म्हणायच्या, "अक्षरं तेवढी नीट म्हणा."

त्यांना अक्षरांचं एवढं का, ते मला नेपरव्हिलच्या एका मराठी पॉटलकमध्ये, घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, कळलं. एका काकांनी जेवता जेवता विचारलं, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले तुम्ही?" आपल्याकडे हे कशासाठी विचारतात, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. मावशी बौद्ध. शाळेपासून त्या या प्रश्नाला पुरून उरल्या होत्या. त्यांनी शांतपणे आडनाव सांगितलं आणि त्याच दमात सगळी अक्षरंही. "आडनाव जन्मानं मिळालं, काका. ही कमावलीत. जिलबी घ्या ना." काकांनी जिलबी घेतली. मला मावशींचा असा काही अभिमान वाटला म्हणून सांगू!

आता तुम्हाला वाटेल, अशी बाई मला लगेच परीक्षेला बसवणार. कसलं काय! मला क्रिटिकल केअरचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि त्याला कारण होतं. मी पेशंटबद्दल काही सांगितलं, की डॉक्टर शेजारच्या अमेरिकन नर्सकडे वळून खात्री करून घ्यायचे. ते माझ्या जिव्हारी लागायचं. मावशी मात्र म्हणायच्या, "आधी हात बसू दे. नाव लांब आणि हात कोरा, काय कामाचं?" मी चांगली फुगून बसले.

एका सकाळी एका आजोबांच्या हृदयाची लय मॉनिटरवर बदलताना मला दिसली. मी डॉक्टरांना सांगितलं. ते सवयीनं दुसऱ्या नर्सकडे वळले. मागून मावशींचा आवाज आला, "शी टोल्ड यू. आस्क हर." डॉक्टरांनी मला विचारलं, मी सगळं नीट सांगितलं, आणि आजोबा वाचले. कॉफी पिताना मावशी म्हणाल्या, "हात बसला. आता बस परीक्षेला. मी नसेन तेव्हा तुझ्या बाजूनं बोलायला ती अक्षरं हवीत."

माझा नवरा म्हणाला, "नोकरी आहे, लायसन्स आहे, अजून कशाला यार?" मावशींनी त्यालाच गाठलं. "एम.एस. झाल्यावर तुम्ही एमबीए कशाला केलंत हो?" तेव्हापासून संध्याकाळचा स्वयंपाक तो करायला लागला. आमटी बेचव असायची, पण मी अभ्यास करत जेवायचे.

माझा निकाल लागण्याआधीच मावशी आजारी पडल्या आणि दूर पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लाराला मुलीकडे गेल्या. मी फोन केला तेव्हा त्या तिथल्या हॉस्पिटलात होत्या. "मावशी, पास झाले." धापा टाकत त्या म्हणाल्या, "पूर्ण नाव सांग. सावकाश." मी अक्षरांसकट सांगितलं. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती अमेरिकेतच जन्मलेली, घरं विकायचा व्यवसाय करणारी. "हाय, मॉम सगळ्या नर्सेसना सांगतेय, माय डॉटर पास्ड. आय ॲम द ओन्ली डॉटर! मला सगळे काँग्रॅच्युलेट करतायत."

मावशी खालावल्याचं कळून मी विमानानं पोचले तोवर त्या गेल्या होत्या. त्यांची खाट आवरणाऱ्या एका तरुण नर्सनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, परीक्षा पास झालेली मुलगी तुम्हीच का?

मी हो म्हणाले.