बंद लिफ्टचा राखणदार

दर शनिवारी सकाळी शांतवनदादा आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या जाळीदार दाराला तेल घालत. आरसा पुसत, आतली जमीन झाडत, दार चार वेळा उघडमीट करून कान देऊन ऐकत. यात नवल काय, असं विचाराल. लिफ्ट सहा वर्षं बंद होती, एवढंच.

मोटर जळाली होती. डोकमर्डी भागातल्या आमच्या सोसायटीत नव्या मोटरचा ठराव दरवर्षी यायचा आणि आम्ही तळमजल्यावाले तो दरवर्षी पाडायचो. पाडणाऱ्यांचा पुढारी म्हणजे प्रस्तुत लेखक. मूळचा देवगडचा, नोकरीने सिल्वासाला आणलेला शाळामास्तर. हा बोलायला उभा राहिला की सभा पेंगलीच पाहिजे. शिवाय बंद लिफ्टमध्ये माझे कांदे, माझा कूलर आणि आमच्या गणपतीचं मखर सुखाने नांदत होते. दादा दर शनिवारी ते सगळं बाहेर काढत, झाडत आणि जसंच्या तसं परत लावत. वर सडका कांदा निवडून बाजूला ठेवत, ते वेगळंच.

दादा नंदुरबारकडचे, जवळच्या गलोंडा गावातल्या धाग्याच्या कारखान्यात फिटर. एकदा मी डिवचलं, दादा, ही लिफ्ट आता थेट स्वर्गातच चालू व्हायची. तेलाची कुपी खिशात ठेवत ते म्हणाले, "काय भो मास्तर, तुझं राज्य येऊ दे म्हणून प्रार्थनेत देवाला रोज सांगतो. येणार म्हटल्यावर दार कुरकुरायला नको."

वर चौथ्या मजल्यावर त्यांच्या राहेलकाकू. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरात चालत, जिना मात्र बंद. लिफ्ट गेली त्याच वर्षी हे झालं. तेव्हापासून त्या गॅलरीतून टोपली सोडून भाजी घेत आणि खाली दिसणाऱ्या डोक्यांशी गप्पा मारत. माझ्या टकलाचा विस्तार त्यांनीच पहिल्यांदा साऱ्या सोसायटीला जाहीर केला.

एका डिसेंबरात पाहतो तर माझ्या कांद्यांवर नाताळचा कागदी तारा लटकलेला. हद्द झाली, म्हटलं. भांडायला चार मजले चढलो. संवाद पाठ, हातवारे तयार. दाराशी नव्या बायकी चपला होत्या. माझ्या पायाने एक उलटली. तळ कोरा, करकरीत.

खुर्चीतून काकू शांतपणे म्हणाल्या, "दर नाताळाला नव्या आणतात हे. जुन्या तशाच कुणाला तरी देऊन टाकतात. लिफ्ट आली की खाली उतरताना नव्या हव्यात म्हणे."

रंगमंचावर येऊन भाषण विसरलेला नट तुम्ही पाहिला असेल. मी ती चप्पल सुलटी केली, चहासुद्धा न घेता उतरलो आणि दुपारपर्यंत लिफ्ट रिकामी केली. कांदे पलंगाखाली गेले. सौभाग्यवती काय म्हणाल्या ते छापण्याजोगं नाही. पुढच्या सभेत मोटरचा ठराव मीच मांडला. विरोध झालाच नाही, कारण विरोध म्हणजे मीच होतो.

ईस्टरच्या सकाळी आम्ही सगळे खाली जमलो. वर घरघर झाली, लिफ्ट उतरली, दादांनी दार सरकवलं. दार जराही कुरकुरलं नाही. मग मात्र आम्ही अशा टाळ्या पिटल्या की गुरख्याचा कुत्रा पळाला.

पांढऱ्या साडीतल्या काकू बाहेर आल्या आणि गोंधळून आमच्याकडे पाहू लागल्या. म्हणाल्या, "सगळे जरा वाका रे. चेहऱ्यांची सवय गेली माझी."

अख्खी सोसायटी वाकली. काकू एकेका डोक्यावर हात ठेवत नाव घेत गेल्या. ती ओळखपरेड होती की आशीर्वाद, हे अजून ठरलेलं नाही. मग त्या फाटकापर्यंत चालल्या, दादांच्या खांद्याला धरून चपलेचा तळ पाहिला आणि म्हणाल्या, "मळल्या." एवढा आनंदाने उच्चारलेला शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

पुढच्या शनिवारी दादा फाटकाजवळच्या कारंज्यापाशी फडकं घेऊन बसले होते. कारंजं इमारत बांधली तेव्हापासून कोरडं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

गेल्या वर्षी दादा निवृत्त झाले आणि दोघं गावी गेली. जाताना ते फडकं माझ्या हातात दिलं. आता शनिवारी सकाळी मी कारंजं पुसतो. नवे भाडेकरू गॅलरीतून हसतात. हसू देत. मी छत्री जवळ ठेवूनच बसतो. पाणी एकदम उडालं तर शर्ट भिजायला नको.